सदर मालमत्ता आमची नाही

भाऊबीजेला अविनाशने पैठणी आणली तेव्हाच शोभाच्या मनात पाल चुकचुकली. नवरा गेल्यावर चिरनेरचं सासर सोडून ती आंबेखारला माहेरी येऊन राहिली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं दोघे भाऊ मिळून तिच्या ताटात पाचशेची एक नोट आणि पनवेलच्या सेलमधली एक साडी टाकत आले होते. दोन धुण्यांत साडीचा रंग बादलीत उतरायचा. शोभाची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण यंदा एकदम पैठणी, पदरावर मोर, आणि खोक्याला रिबीन! आता भाऊ सुधारले असं मानायला ती काही काल जन्मली नव्हती.

पाट मांडले होते अविनाशच्या दिवाणखान्यात. घर चार मजली. त्यातले दोन मजले डोळ्यांना दिसत, कागदावर दिसत नसत. सोफ्याच्या एका टोकाला बाबा, म्हणजे म्हातारा दादू घरत, लुंगी आवरून बसला होता. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं असं घरात सगळे धरून चालत, आणि म्हाताराही ते चालू देत असे. थोरला धर्मराज रेती-विटांचा सप्लायर. गळ्यात साखळी अशी की मान कायम जराशी पुढे. धाकटा अविनाश घरपट्टी विरोधी कृती समितीचा अध्यक्ष. समिती त्यानेच काढली, अध्यक्षही त्यानेच नेमला.

शोभाने दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. धर्मराजने ताटात नोट टाकली. अविनाशने पैठणीचं खोकं ठेवलं आणि खोक्यावर अलगद एक निळी प्लास्टिकची फाईल ठेवली.

"ह्ये काय?" शोभाने विचारलं.

"काय नाय गं ताय. एक सही हाय."

"भाऊबीजेला?"

"अगं, वकील बोल्ला मूरत चांगला हाय."

शोभाने निरांजन बाजूला ठेवलं आणि फाईल उघडली. ती सातवीपर्यंत शिकलेली, आणि जे शिकली ते गावच्या शाळेत इतकं पक्कं शिकली होती की अक्षर मोत्यासारखं आणि वाचन खणखणीत. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'हक्कसोडपत्र' असं होतं. खाली गट नंबर, आणि पुढे 'अकरा गुंठे जागा व त्यावरील इमारत'.

"ह्यी तं शाला हाय," ती म्हणाली.

थोरली वहिनी शकू करंज्यांचं ताट घेऊन दारातच थांबली.

आता ही शाळा घरतांच्या कागदात कशी आली, ते ऐकण्यासारखं आहे. आजा तुळशीराम घरत याने गावात शाळा नाही म्हणून स्वतःची अकरा गुंठे जागा दिली. दिली म्हणजे पारावर चार माणसांत उभा राहिला आणि "दिली" म्हणाला. त्या काळी तेवढं पुरायचं. कागद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सातबारा तुळशीरामच्या नावावर राहिला, आणि पुढे शाळेत वीज आली तेव्हा मीटरही त्याच्याच नावावर लागला. आजा वारला, मीटर फिरत राहिला.

मग गाव महापालिकेत गेलं. घरोघर मोजमाप करायला टॅब घेतलेली दोन पोरं आली आणि अविनाश त्यांना गावभर फिरवत सुटला. "हे कुणाचं?" म्हणून विचारलं की याची छाती फुगायची. चाळ? आपली. गाळे? आपले. विहिरीवरचा पंप? आपलाच समज. शेवटी शाळेसमोर उभं राहून पोराने विचारलं, "आणि ही बिल्डिंग?" आता इतका वेळ आपलं आपलं म्हणत आलेल्या माणसाला एकदम "ही नाही" म्हणायला जीभ रेटेना. "आज्याची जागा हाय ना," अविनाश म्हणाला. "मीटर बघ, नाव बघ. आपलीच." पोराने टॅबवर बोट आपटलं. दीड वर्षाने घरतांकडे घरपट्टीच्या पाच नोटिसा आल्या. दोन घरांच्या, एक चाळीची, एक गाळ्यांची, आणि पाचवी जिल्हा परिषद मराठी शाळेची. मालक, कैलासवासी तुळशीराम घरत.

तेव्हा अविनाशने जो काही थयथयाट केला! "अन्याव! शालेवर पट्टी? उद्या देवलावर लावतील!" पाचवी नोटीस हातात नाचवत त्याने भाषण केलं, समिती काढली आणि हरकतींचे छापील फॉर्म गावात वाटले. दोनशे चौदा फॉर्म भरले कुणी? शोभाने. गावात तिच्याएवढं चांगलं अक्षर कुणाचं होतं? शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवायची; आठ दिवस दुपारी तिथली भांडी घासून झाली की ती फॉर्म भरत बसायची. मग बेंजोवाल्यांचा ताफा लावून, डोक्यावर टोपलीत फॉर्म घेऊन अविनाश वाजतगाजत महापालिकेत गेला. त्या टोपलीसकट स्वतःचा फोटो काढून बॅनर केला. 'एक रुपयाही भरणार नाही! आपला अविनाश.' तो बॅनर अजून गावच्या कमानीवर होता.

"अवी," शोभाने फाईल मिटली, "ज्या शालेसाठी तू बेंजो लावलास, तीच इकतोस?"

"इकतो कोन? आपन डेवलप करतो," धर्मराज म्हणाला. "त्यो करंजाड्याला टावर बांधलेला शेठ तयार हाय. शाला तशीबी बंद व्हनार."

"कोन बोल्ला?"

"अगं, इसाच्या आत पोरा असली का बंद. तुमची किती? सतरा."

हे खरं होतं. सतराच मुलं उरली होती, आणि तीही घरतांच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या टॉवरवरच्या मजुरांची. गावातली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून खारघरच्या इंग्रजी शाळेत जात. शाळेचे काशिराम गुरुजी नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते. एकदा खिचडीचं ताट हातात घेऊन त्यांनी शोभाला सगळं समजावलं होतं.

"बघा शोभाताई, शाळा जिल्हा परिषदेची. गाव गेलं महापालिकेत. जिल्हा परिषद म्हणते, गाव नेलंत, शाळाही न्या. महापालिका म्हणते, नेतो, पण पगाराला आणि पत्र्यांना पैसा शासनाने द्यावा. शासन म्हणतं, अनुदान किती दिवस मागाल, घरपट्टी वसूल करा. म्हणून घरपट्टी वाढली. वाढली म्हणून तुमच्या भावाने मोर्चा काढला. मोर्चा काढला म्हणून कुणी भरत नाही. भरत नाही म्हणून शाळेला पैसा नाही."

"मंग गुर्जी, आडलाय कुठं?"

"कुठंच नाही. सगळे नियमाने वागतायत," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी अजून थोडी खिचडी मागितली.

शोभाला ते आठवलं आणि हसू यायच्या ऐवजी रडू आलं. तिला या घरात मागची एक खोली होती, दोन वेळचं जेवण होतं, पण तिचं स्वतःचं असं काही असेल तर ती शाळा. सकाळी दहाला ती चूल पेटवायची तेव्हा सतरा पोरं "आते, आज काय?" म्हणून विचारायची. घरात तिला असं कुणी विचारत नव्हतं. तीच शाळा हे लोक पैठणीच्या खोक्यावर ठेवून मागत होते.

"बरं, मना एक सांग," तिने डोळे पुसले. "शाला आपली हाय ह्ये शेठला दाखवनार कसा?"

अविनाश जरा चुळबुळला. "त्याचाच तं... म्हंजे वकील बोल्ला, पट्टीची पावती पायजे. पट्टी भरली का कब्जा सिद्ध व्हतो. सोमवारी मी भरून येतो."

"कोन भरनार पट्टी?"

"मी."

"कमानीवर काय लिवलाय, अवी?"

"ताय, त्यो जाहीर इषय हाय. ह्यो घरचा इषय हाय."

दारातून शकूचं खुदकन हसू आलं. धर्मराजने मान वळवून बघायचा प्रयत्न केला, पण साखळीमुळे बेत सोडला.

आता अविनाशची बायको मोनाली मध्ये पडली. ती खारघरची, कॉमर्स ग्रॅज्युएट, आणि या घरात भांडण स्टँडर्ड मराठीत करणारी एकटीच. "ताई, प्रॅक्टिकल विचार करा ना," ती म्हणाली. "तुम्हाला पण फ्लॅट मिळेल, वन बीएचके. त्या धुरात खिचडी शिजवायची काय गरज आहे तुम्हाला? लोक आम्हाला नावं ठेवतात, घरतांची मुलगी शाळेत चूल फुंकते म्हणून."

"लोकांचा रायला. तुला काय वाटतो?"

"मला? मला वाईटच वाटतं."

"मंग एक काम करूया," शोभा म्हणाली. तिने ताट पुन्हा हातात घेतलं. "मी सही देते. पन आधी माजी ओवालनी द्या. पैठनी नको, फ्लॅट नको. मना तीन पोरा द्या."

"काय द्या?" अविनाशने विचारलं.

"तुजी रिया आन् हृतिक. धर्माची दिपिका. तिघांची नावा शालेत घाला. सतरा आन् तीन, इस. शाला बंद जाली नाय, मंग बघू तुमचा टावर कुठं बांधता त्यो. आन् तरी बंद जाली तं त्याच दिवशी सही करते. बोला."

अविनाशचं तोंड उघडं राहिलं. शाळेसाठी भाषण करणं, बेंजो लावणं, वेळ पडली तर लाठी खाणं, या सगळ्याची त्याची तयारी होती. पण तिथे स्वतःचं पोर घालायचं?

"आते, तू पाच तोले माग," धर्मराजला घाईत बहिणीऐवजी पोरांचं नातं तोंडात आलं. "सोना माग. आत्ता देतो."

"सोना शिकतो काय शालेत?"

"ताई, इम्पॉसिबल!" मोनाली उठून उभी राहिली. "सेकंड टर्मची फी भरलीय. रिफंड नाही. हृतिकचे राईम्स किती चांगले झालेत! तो त्या... त्या मुलांबरोबर बसणार?"

"त्या पोरांच्या बापांकडना चालीचा भाडा घेताना बसता ना संगतीला?"

"ते वेगळं."

"सगलाच येगला हाय बाय तुमचा. जाहीर येगला, घरचा येगला."

"ताय, आता पुरे," अविनाशचा आवाज चढला. "अकरा वर्सा ठेवली तुला. कवा काय बोल्लो? एक सही मागतो तं नाटका करते! नाय केलीस ना, तं..."

"तं काय?"

तो थांबला. पण बोलायचं राहिलेलं सगळ्यांना ऐकू आलं, सोफ्यावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही. शोभाचा चेहरा उतरला. अकरा वर्षं ज्या वाक्याला ती भीत होती, ते भाऊबीजेच्या दिवशी, कुंकू ओलं असताना, भावाच्या ओठांवर येऊन थबकलं होतं. तिने ताट खाली ठेवलं आणि काही न बोलता मागच्या खोलीत गेली.

"गेली का सामान बांधायला?" धर्मराज कुजबुजला. "तू पन ना, अव्या. सनासुदीला."

शोभा परत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती, एक घडी घातलेला कागद होता. देवाच्या फोटोमागे ठेवल्यामुळे त्याला उदबत्तीचा वास येत होता.

"अवी, त्या टोपलीत दोनशे चवदा फॉर्म व्हते. शालेच्या नोटिशीचा पन त्यात व्हता. इसरलास?"

"मंग?"

"त्या फॉर्मवर 'हरकतीचे कारण' म्हनून जागा व्हती. मी तुला इचारला, शालेच्या फॉर्मवर काय लिवू? तू कोनाशी तरी फोनवर व्हतास. बोल्लास, लिव काय पन, पट्टी रद्द जाली पायजे. मंग मी लिवला. खरा त्येच लिवला."

तिने कागद उलगडला आणि शाळेत कविता म्हणताना उभी राहायची तशी ताठ उभी राहून वाचू लागली.

"'सदर मालमत्ता आमची नाही. ती शाळा आहे. आमचे आजोबा कैलासवासी तुळशीराम घरत यांनी ही जागा गावाला शाळेसाठी कायमची दिली आहे. तिच्यावर आमचा किंवा आमच्या वारसांचा कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही. सबब कर लावू नये.' खाली सही, धर्मराज दादू घरत. सही, अविनाश दादू घरत, अध्यक्ष. माजी सही. बाबाचा आंगठा. आन् ह्यो महापालिकेचा शिक्का. पोच."

अविनाशने कागद हिसकावून घेतला. सही त्याचीच होती. खाली घाईत घाईत 'अध्यक्ष' लिहिलेलं, त्यातला क्ष अगदी त्याचा. त्याने वकिलाला फोन लावला, स्पीकरवर, कारण दुसऱ्या हातात कागद होता.

"साहेब, एक छोटा प्रॉब्लेम..." म्हणत त्याने सगळं वाचून दाखवलं.

पलीकडून शिक्क्याची तारीख विचारली गेली. मग वकीलसाहेब म्हणाले, "अहो घरत, हे तुम्ही स्वतः नेऊन दिलंत?"

"वाजत नेला," धर्मराज म्हणाला.

"मग कोर्टात दहा वर्षं भांडता येईल. पण शेठ नाही थांबणार. त्यांना क्लिअर टायटल लागतं. दिवाळीच्या शुभेच्छा." फोन बंद झाला.

अविनाश बापाकडे वळला. "बाबा! तुमी कसा काय आंगठा दिलाव? काय लिवलाय त्या तरी बघायचा!"

म्हाताऱ्याने करंजीचा तुकडा सावकाश गिळला. "मी शोभाकडना वाचून घेतला व्हता," तो म्हणाला. "तुमी नाय घेतलाव."

"म्हंजे तुमाला आयकू येतो?"

"कामाचा तेवडा येतो." म्हाताऱ्याने लुंगीला हात पुसले. "माजा बापूस पारावर बोल्ला व्हता, दिली. आमी त्याचा कागद केला नाय, ती आमची चूक. माज्या लेकीनं केला. आन् ह्या घरात तिला कोन ठेवतो, ह्ये जरा परत बोल बघू, अव्या. घर अजून माज्या नावावर हाय."

अविनाशने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. धर्मराजने पैठणीचं खोकं उगाच सरळ केलं. शोभाला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला आनंद होईल. पण सतराचे वीस काही त्या कागदाने झाले नव्हते.

"मंग आता त्या शालेचा काय?" धर्मराजने विचारलं. "आपल्याला बी नाय, पोरांना बी नाय. बंद पडून रानार?"

"बंद कश्याला पडंल?" शोभा म्हणाली. "गुर्जी बोल्ले, शाला बंद जाली का त्या इमारतीत महापालिकेचा वसुली हापीस येनार. घरपट्टीचा. साहेब, शिपाई, मोजनीवाले, समदे हितंच बसनार. बरा व्हईल, लोकांना लांब जायला नको."

अविनाशने सावकाश मान वर केली. शाळा त्याच्या घराच्या बरोबर समोर होती. शाळेच्या खिडकीतून या घराचे मजले मोजायला टॅबसुद्धा लागला नसता. एक, दोन, आणि मग ते दुसरे दोन.

पहिली बोलली ती शकू, अजून दारातच, ताट हातात घेऊन. "माजी दिपिका येल," ती म्हणाली. "मी तितंच शिकले, ताय माज्या पुढल्या बाकावर व्हती. माजा काय वाकडा जाला? मना मराठी वाचता येते. दिपिका पाटीवरचा नाव धड वाचत नाय, मराठी बी नाय न् इंग्लिश बी नाय. मना लाज वाटते, पन बोलू कोनाला?"

"मना इचारला काय?" धर्मराज म्हणाला.

"तुमी मना टावरचा इचारला व्हता?"

धर्मराजने उत्तर दिलं नाही. या घरात त्याला होकार म्हणत.

अविनाश बायकोकडे बघत होता, आणि मोनाली वर छताकडे बघत होती. तिचं किचन तिसऱ्या मजल्यावर होतं. मॉड्युलर.

"फक्त हे वर्ष," ती शेवटी म्हणाली. "आणि हृतिकला टाय घालूनच पाठवणार."

"पाठव बाय. टाय काय खिचडीला नाय लागत," शोभा म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं, घळाघळा, सगळ्यांदेखत. मोनालीने हाताला आलेला पदर पुढे केला, तो नेमका खोक्यातल्या पैठणीचा. "अगं ये, डाग पडंल!" म्हणत शोभाने तो दूर लोटला आणि बाहीनेच नाक पुसलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी कमानीवर नवा बॅनर लागला होता. 'मराठी शाळा वाचवा! सुरुवात स्वतःच्या घरापासून. आपला अविनाश.' टोपलीच्या जागी आता टाय घातलेला हृतिक होता. काशिराम गुरुजींनी बॅनर दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि हजेरी घ्यायला आत गेले. शोभा चुलीपाशी डाळ धुता धुता आकडे ऐकत होती. सतरा. अठरा. एकोणीस. मग बारीक आवाजात "प्रेझेंट, सर," आणि सगळा वर्ग हसला. वीस.

जेवायच्या वेळी व्हरांड्यात ओल होती. शोभाने उतरवलेला जुना बॅनर कमानीखालून उचलून आणला होता, तो अंथरला आणि पोरांना ओळीत बसवलं. 'एक रुपयाही भरणार नाही' यावर चाळीतली सहा बसली, 'अविनाश' वर दिपिका आणि रिया, आणि हृतिक बसला तो बरोबर बापाच्या तोंडावर. त्याने टाय खांद्यावरून मागे टाकला होता आणि शेजारच्या मुलाच्या ताटात वाकून बघत होता.

"आते," त्याने ताट पुढे केलं, "याला जास्त वाढलंस. मला पण दे."